दादा, पोले पोले

स्वाहिलीत बहिणीला 'दादा' म्हणतात आणि भावाला 'काका'. हे मला किलिमांजारोच्या माचामे गेटवर कळलं, पन्नाशीच्या एका माणसानं 'जांबो, दादा' म्हणत हात पुढे केला तेव्हा. तो आमचा मुख्य गाईड. माझा धाकटा भाऊ शेजारीच उभा होता, तो हसत सुटला. "ताई, प्रमोशन झालं तुझं!" मग गाईडनं त्याच्याकडे वळून त्याला 'काका' म्हटलं आणि हसायची पाळी माझ्यावर आली. चोवीस वर्षांचा काका. अजून स्वतःच्या शर्टाला इस्त्री करता येत नाही.

पुढचे पाच दिवस आमचा हाच खेळ चालला होता. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', पैशाला 'पेसा'. चपातीला तर चपातीच. हिंदी महासागरावरून शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत राहिली, त्यांच्या सामानातून शब्दही गेले-आले असणार. शिखराच्या खालचा शेवटचा कॅम्प 'बराफू', म्हणजे बर्फ. हे कळल्यावर मला उगाचच धीर आला होता. ओळखीच्या नावाच्या जागी आपलं काय वाईट होणार, असं काहीतरी.

आणि एक शब्द रोज शंभरदा कानावर पडायचा. पोले पोले. म्हणजे हळूहळू. किलिमांजारोवर गाईड दुसरं काही शिकवत नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. कारण या डोंगरावर चढायला दोर लागत नाही, कुऱ्हाड लागत नाही, बहुतेक वाट पायांनीच चालायची असते. लागतं ते फक्त हळू चालणं, आणि आमच्यासारख्या लोकांना नेमकं तेच जमत नाही. आम्ही पुण्याहून अकरा महिने तयारी करून गेलो होतो. दर रविवारी सिंहगड, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, महिन्यातून एकदा कळसूबाई. धाकटा तर हाफ मॅरेथॉन पळणारा. पण सिंहगड कितीही वेळा चढलात तरी विरळ हवेची सवय लागत नाही. ती लागते फक्त विरळ हवेत राहून. फुप्फुसं, रक्त, मूत्रपिंडं आपापला हिशेब नव्यानं मांडतात आणि त्याला दिवस लागतात. कोणाला किती लागतील ते फिटनेसवर अवलंबून नसतं. उलट दम चांगला असलेला माणूस भरभर वर जातो आणि शरीराला हिशेब मांडायला वेळच देत नाही. आम्हाला हे सगळं माहीत होतं. वाचलेलं होतं, व्हिडिओ बघितले होते, डायमॉक्सच्या गोळ्या रोज घेत होतो. माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला, साधारण ४,६०० मीटरवर, आमच्या आठ जणांपैकी पाच जणांचं डोकं दुखलं. हे ठरवून केलेलं असतं. दिवसा उंच जायचं, झोपायला खाली उतरायचं. संध्याकाळी ३,९०० मीटरच्या आसपास, बारांकोला पोचलो, तेव्हा सगळ्यांची डोकी उतरली होती. धाकट्याचं दुखलंच नव्हतं. तो पोर्टर लोकांबरोबर नाचत होता.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही बराफूला पोचलो. ४,६७३ मीटर. नुसता दगड, त्यावर कसेबसे टेकवलेले तंबू, आणि वारा. जेवण संध्याकाळी पाचलाच. मग झोपायचं आणि अकराला उठायचं, बाराला निघायचं. जेवणानंतर गाईड प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून वहीत आकडे लिहीत होता. त्याचे प्रश्न ठरलेले. डोकं? पोट? भूक? झोप? धाकट्यानं चारही प्रश्नांना 'सावा सावा' म्हटलं. म्हणजे ठीक, ठीक.

त्याआधी दहा मिनिटं तो तंबूमागे ओकत होता. मी पाठीवर हात फिरवत उभी होते. उठून तोंड पुसून तो म्हणाला, "ताई, त्याला सांगू नकोस हां. काकडीचं सूप बाधलंय फक्त."

मी नाही सांगितलं.

आता मी याची कारणं देऊ शकते. सूप खरंच विचित्र होतं. ओकारी एकदाच झाली होती. त्याचा ऑक्सिजनचा आकडा माझ्यापेक्षा एकानं जास्तच होता. शिवाय या ट्रिपचे त्याचे निम्मे पैसे मी माझ्या बोनसमधून भरले होते आणि त्याला खालीच थांबवलं असतं तर तो मला जन्मभर ऐकवेल असं वाटत होतं. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. मला वर जायचं होतं. तो थांबला तर मलाही थांबावं लागेल की काय, ही भीती होती. आईनं निघताना दोघांना मिळून सांगितलं होतं, एकमेकांना सांभाळा. आई 'एकमेकांना' म्हणते तेव्हा ती माझ्याकडे बघत असते.

बाराला निघालो. अंगावर पाच थर, आत छातीशी मोबाईल, कारण थंडीत बॅटरी तासाभरात मान टाकते. पाण्याच्या बाटल्या सॅकमध्ये उलट्या ठेवायच्या, म्हणजे वरून गोठायला लागलं तरी झाकणापाशी पाणी राहतं. हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्या माणसाचे बूट. बस, तेवढंच जग. वर पाहिलं तर आमच्या आधी निघालेल्यांचे दिवे उभ्या काळोखात टांगलेले. ते दिवे आणि चांदण्या यांची हद्द कुठे हे कळत नव्हतं आणि ते बघून पोटात गोळा आला, म्हणून मी वर बघणं बंद केलं.

पुढे मुख्य गाईड, मध्ये आम्ही, अधूनमधून साहाय्यक गाईड. चाल इतकी हळू की पुण्यात अशा चालीनं कोणी चाललं तर लोक विचारतील, काय झालं. एक पाऊल, श्वास. एक पाऊल, श्वास. हवेत ऑक्सिजनचा वाटा तिथेही तेवढाच असतो, शंभरात एकवीस. दाब कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासात हवाच कमी येते. शिखरावर ती समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी. मी मनात पाढे म्हणत होते. सतराच्या पाढ्यात अडकले आणि सतरा सक किती हे काही केल्या आठवेना. मजा वाटली. घाबरायला हवं होतं.

तीनच्या सुमारास थांबलो. गाईडच्या घड्याळात ५,३०० मीटर आणि वर काहीतरी. तिथून स्टेला पॉइंट ५,७५६, ज्वालामुखीच्या तोंडाची कड, आणि पुढे तासाभरावर उहुरू, ५,८९५. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जर्मनांच्या राज्यात या टोकाला त्यांच्या कैसरचं नाव होतं, देश स्वतंत्र झाला तेव्हा ते बदललं. त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १८४८ मध्ये रेबमान नावाच्या मिशनऱ्यानं लिहून कळवलं की विषुववृत्ताजवळ बर्फाचा डोंगर पाहिला, आणि लंडनमधल्या भूगोलाच्या पंडितांनी घरबसल्या ठरवलं की हे शक्यच नाही. ही गोष्ट मी निघताना धाकट्याला सांगायला घेतली होती आणि 'वर गेल्यावर सांगते' म्हणून ठेवून दिली होती.

गाईड सगळ्यांना आल्याचा चहा ओतत होता. धाकट्यानं कप घेतला नाही. हातातल्या काठ्यांवर रेलून तो उभा होता, डोकं खाली. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"ताई, स्वारगेट आलं का?"

मला आधी वाटलं, विनोद करतोय. तो तसे करतो. मी हसलेसुद्धा. मग हेडलॅम्पच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. तो उत्तराची वाट बघत होता.

गाईड माझ्याकडे वळला. "दादा, काय म्हणाला तो?"

तिथे, त्या डोंगरावर, त्या क्षणी मराठी कळणारी आणि शुद्धीवर असलेली, भावाच्या जवळ उभी अशी मी एकटी होते. बाकीचे सहा जण वीसेक पावलं पुढे दगडांवर बसले होते. मी जे सांगेन तेच त्याचं बोलणं ठरणार होतं.

मी म्हणाले, "किती राहिलं, असं विचारतोय."

पाहा ना, खोटं नव्हतंच ते. स्वारगेट आलं का, म्हणजे किती राहिलं. शाळेच्या पेपरात या भाषांतराला निदान अर्धा गुण मिळाला असता.

"अजून तीन तास," गाईड म्हणाला. "पोले पोले." आणि आम्ही निघालो.

किती वेळ चाललो असू? मला वाटतं पंधरा मिनिटं. मी त्याच्या मागे होते. दिव्याच्या उजेडात त्याचे बूट दिसत होते आणि ते बूट सरळ पडत नव्हते. डावा पाय उजव्याच्या पुढ्यात येत होता, जणू उभं राहणं त्याला त्याच दिवशी शिकवलंय. ही खूण काय आहे ते मला ठाऊक होतं. विरळ हवेत कधी कधी मेंदूला सूज येते, मग तोल जातो, बोलणं बिघडतं. त्यावर खरा इलाज एकच, ताबडतोब खाली उतरणं. उतरलं नाही तर माणूस मरतो आणि त्याला फार वेळही लागत नाही. हे मी आईला समजावून सांगितलं होतं, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, तिनं काळजी करू नये म्हणून. हे सगळं आठवत असताना मी एक पाऊल, एक श्वास चालत राहिले. त्या पंधरा मिनिटांत मी मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच लिहिते की त्यात काळजीपेक्षा राग जास्त होता. आजच कसा रे तू असा.

मग तो खाली बसला. हातमोजे काढायला लागला. उणे दहा-बारा तापमान असेल. मी ओरडले, "अरे, काय करतोयस?" तर म्हणतो, "सुट्टे शोधतोय. कंडक्टर ओरडेल."

तेव्हा मी गाईडला हाक मारली आणि सगळं सांगितलं. सुट्ट्या पैशांचं, स्वारगेटचं, संध्याकाळच्या ओकारीचं. सगळं एका दमात, मोडक्या इंग्रजीत, आणि दम संपला तेव्हा रडू आलं. मला वाटलं तो चिडेल. त्यानं धाकट्याला उभं केलं, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चार पावलं टाकायला सांगितली. तो दुसऱ्याच पावलाला कलंडला. गाईडनं त्याला धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोले, दादा. पोले साना."

मला वाटलं, हळू म्हणतोय. काय हळू? मागाहून कळलं की एकटा 'पोले' म्हणजे हळू नव्हे. दुसऱ्याचं दुःख पाहून म्हणायचा शब्द आहे तो. वाईट वाटतं तुझ्यासाठी, असा. पोले साना म्हणजे फार वाईट वाटतं.

निर्णय दोन मिनिटांत झाला. एक साहाय्यक गाईड आणि एक पोर्टर धाकट्याला घेऊन खाली. मग गाईडनं मला विचारलं, "तू? तू ठीक आहेस. तू वर येऊ शकतेस. ही माणसं त्याला नीट नेतील."

मी लगेच उत्तर दिलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. घरी सगळ्यांना वाटतं की मी एका क्षणाचाही विचार न करता मागे फिरले, आणि मावशीनं तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तसं सांगितलंय. मी वर बघितलं. दिवे बरेच पुढे गेले होते. कडा दिसत नव्हती, पण दिवे जिथे नाहीसे होत होते तिथे ती असणार हे कळत होतं. अकरा महिने. मग धाकटा कोणाशी तरी बोलू लागला, मराठीत, आणि साहाय्यक गाईडनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"मी खाली जाते," मी म्हणाले. "तो काय बोलतो ते याला कसं कळणार?"

"मग प्रत्येक शब्द याला सांग," मुख्य गाईड म्हणाला. "प्रत्येक."

किलिमांजारोवरून उतरताना मी जे केलं ते भाषांतर होतं. दोघांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं होतं, बारीक खडीवरून घसरत-उतरत आम्ही चाललो होतो, आणि मी मागून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. तो म्हणतोय की पुढच्या स्टॉपला उतरायचंय. तो म्हणतोय की खिडकी लावा. तो विचारतोय की बाबांनी तिकीट काढलं का. साहाय्यक गाईड गंभीरपणे मान डोलवायचा, 'सावा' म्हणायचा आणि वेग वाढवायचा. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. तेही मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. 'बाबा'ला स्वाहिलीतही बाबाच म्हणतात, तो शब्द त्याला माझ्याआधीच कळला होता.

मग बराच वेळ तो काही बोललाच नाही आणि ते जास्त भयंकर होतं. मी विचारत राहिले, "अरे, ऐकतोयस ना? आपलं घर कुठल्या मजल्यावर? तुझ्या बाइकचा नंबर काय?" उत्तर नाही. फक्त खडीचा आवाज आणि आमचे श्वास.

तंबू दिसायला लागले, तेव्हा अचानक चिडक्या, नेहमीच्या, मला इतक्या ओळखीच्या आवाजात तो म्हणाला, "आपण खाली का चाललोय?"

"काय म्हणतो?" साहाय्यक गाईडनं विचारलं.

"विचारतोय, आपण खाली का चाललोय."

तो मोठ्यानं हसला. अंधारात त्याचे दातच दिसले. "गुड," म्हणाला. "व्हेरी गुड."

बराफूला पोचलो तेव्हा पूर्वेला मावेंझीच्या दातेरी कड्यामागे आकाश उजळत होतं. किलिमांजारोचं हे दुसरं शिखर, ५,१४९ मीटर, वरच्यापेक्षा किती तरी अवघड, तिकडे फारसं कोणी जात नाही. खाली ढगांचं सपाट मैदान, आणि त्यातून पश्चिमेला मेरू पर्वताचं टोक वर आलेलं. मी फोटो काढला नाही. तंबूत धाकट्याच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेला होता आणि तो बोटानं मला खुणावत होता की फोटो काढ. म्हणजे बराच बरा होता.

तिथे अर्धा-पाऊण तास थांबून पुन्हा खाली, आणखी दीड हजार मीटर, म्वेकाच्या कॅम्पपर्यंत. दगड संपून झुडपं आली, झुडपं संपून झाडं. प्रत्येक शंभर मीटरला तो थोडा थोडा परत येत होता. पहिल्यांदा भूक आली, मग गुडघे दुखायला लागले, मग तो मला दोष द्यायला लागला. त्याला वाटत होतं की थोडं थांबलो असतो तर जमलं असतं. आदल्या रात्रीचं त्याला बाराला निघाल्यापर्यंतचं आठवत होतं, पुढे काही नाही. स्वारगेटचं सांगितल्यावर हसून हसून त्याला खोकला लागला. "खरंच? सुट्टे?" आता हा किस्सा तोच सगळ्यांना सांगतो, कंडक्टरचा आवाज काढून. माझ्यापेक्षा चांगला सांगतो.

दुपारी बाकीचे सहा जण उतरले. सगळे उहुरूला जाऊन आले होते. ओठ फुटलेले, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर ते. मी सगळ्यांना मिठ्या मारल्या. मग तंबूत जाऊन स्लीपिंग बॅगमध्ये तोंड घालून पडले. काही काळ मी कोणाच्याही आनंदाच्या लायकीची नव्हते.

संध्याकाळी मुख्य गाईड जेवणाच्या तंबूबाहेर एका दगडावर बसून बूट झटकत होता. तोही रात्रभर चालून चौदा-पंधरा तासांनी बसला होता. मी शेजारी जाऊन बसले आणि सांगून टाकलं. की पहिल्यांदा तू विचारलंस तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. तो किती राहिलं असं विचारत नव्हता.

"काय विचारत होता?"

"स्वारगेट आलं का."

त्यानं दुसरा बूट झटकला. राखेसारखी माती पडली. "मीपण त्याचे पाय पाहिले होते," तो म्हणाला. "चहाच्या आधी. म्हटलं, थंडीनं असेल. अजून थोडं बघू." मग थोडा वेळ गप्प बसला. "तुम्ही लोक इतक्या लांबून येता."

मला यावर काय बोलावं सुचलं नाही. आतून धाकट्याचा आवाज येत होता. कोणाला तरी तो चपाती मागत होता, स्वाहिलीत.

"स्वारगेट," गाईडनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. "डोंगर आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "बसस्टँड."

"उंची किती?"

मी मनात हिशेब केला. पुणे साधारण ५६० मीटर. तो आकडा सांगितला तेव्हा त्यानं मान डोलावली, बूट चढवले आणि मला हात देऊन उठवलं. दुसऱ्या दिवशी म्वेका गेटवर, साधारण कळसूबाईएवढ्या उंचीवर, नोंदवहीत सही करायची होती. नावापुढच्या रकान्यात कुठपर्यंत पोचलात ते लिहायचं होतं. सहा जणांनी उहुरू लिहिलं. धाकट्यानं माझ्या हातातून पेन घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि रकाना रिकामा सोडून दोघांच्या सह्या त्यानंच ठोकल्या.